सबुरी कुठे ठेवायची?

आपल्या भक्तीचा बराचसा भार गुडघ्यांवर असतो. तीर्थाला चालत जायचे, रांगेत ताटकळायचे, पायऱ्या चढायच्या, मांडी घालून बसायचे, कपाळ टेकायला वाकायचे आणि कुणाचा हात न धरता पुन्हा उठायचे. शिर्डीला येणाऱ्याला हे सगळे एकाच दिवसात करावे लागते. रामनवमीला मुंबईकडून पालख्यांबरोबर दोनशेहून अधिक किलोमीटर चालत येणारी तरुण मंडळी वेगळी. एरवीच्या दर्शनबारीत साठी ओलांडलेली माणसे पुष्कळ असतात. ऑक्टोबर 2023 मध्ये नवे दर्शनरांग संकुल सुरू झाले, बसायची सोय झाली, तरी साईबाबांच्या समाधीपुढे जायचे ते स्वतःच्याच पायांनी. परतताना त्यांच्या पिशवीत उदीची, म्हणजे बाबांच्या धुनीतल्या राखेची, पुडी असते. आणि त्याच पिशवीत अनेकांकडे आणखी एक वस्तू असते: सांध्यांसाठीच्या गोळ्यांची बाटली. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, कोलॅजेन, हळदीचा अर्क, शल्लकी, किंवा या सगळ्यांचे मिश्रण. दोन्ही वस्तू नेमाने घेतल्या जातात. दोन्हींबद्दल 'मला गुण आला' असे सांगितले जाते, आणि दोन्हींबद्दल शंका काढली की उत्तरही एकच मिळते: श्रद्धा ठेवा. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच की उदीवरची श्रद्धा आणि बाटलीवरचा विश्वास या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. पहिलीचे पुण्य दुसरीच्या खात्यावर जमा केले, तर श्रद्धेवरही अन्याय होतो आणि गुडघ्यावरही.

ही रेघ ओढायला परक्या शास्त्राकडे जायची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या अकराव्या अध्यायात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास, नियम, नमस्कार, तीर्थगमन हे दैवव्यपाश्रय. आहाराची आणि औषधी द्रव्यांची विचारपूर्वक योजना हे युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला अहितापासून आवरणे हे सत्त्वावजय. तिन्हींना तिथे मान आहे, पण तिन्हींची सरमिसळ नाही. शिर्डीची वाट चालणे, उदी कपाळाला लावणे हे पहिल्या प्रकारातले. पंधराशे मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन रोज पोटात घेणे हे निखळ दुसऱ्या प्रकारातले. ते एक द्रव्य आहे, त्याची मात्रा आहे, आणि त्याने शरीरात अमुक एक बदल होतो असा त्याच्यामागे दावा आहे. द्रव्याचा दावा ज्या कसोटीला लावायचा, तीही त्याच अध्यायात आहे: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. पुढे वैद्यांचेही तीन वर्ग येतात. त्यातला 'सिद्धसाधित' हा वर्ग मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. स्वतःकडे विद्या नाही, पण नावाजलेल्या माणसांच्या नावाचा आधार घेऊन जो वैद्य म्हणवून घेतो, तो सिद्धसाधित. माणसाबद्दल जे लिहिले ते वस्तूलाही लागू पडते. श्रद्धेने जे कमावले आहे त्याच्या आधारावर गोळी खपत असेल, तर ती गोळी सिद्धसाधित आहे.

आता बाटलीचा दावा पाहू. गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता यांनी तो झिजतो, भोवतीचे अस्तर सुजते, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि चालणे दुखरे होते. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे कूर्चेच्या घडणीतलेच घटक. मग जे झिजले तेच खाल्ले की भरून निघेल, असा हा तर्क. हाड मोडले की पायाचे सूप पाजायचे, यामागेही तोच विचार आहे. विचार सरळ आहे, मनाला पटतो, म्हणूनच त्याच्याशी सावध असावे. शरीर ग्लुकोसामाइन साखरेपासून स्वतःच तयार करते. तोंडाने घेतलेल्या गोळीचा रक्तापर्यंत पोचणारा अंश थोडा असतो, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा नुसत्या अनुमानावर कुठल्याच बाजूने निकाल देता येत नाही. करून पाहावे लागते. आणि करून पाहण्यातही एक खाचखळगा आहे. गुडघेदुखी वर्षभर सारखी नसते, तिला भरती-ओहोटी असते. माणूस औषधाच्या दुकानात जातो ते दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही घेतले किंवा न घेतले, तरी पुढच्या काही आठवड्यांत दुखणे उतरण्याचीच शक्यता अधिक. याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले. ज्याच्या डोक्यावर फळ पडले त्याची ग्वाही खोटी नसते. फळ पडलेच होते. कावळ्याबद्दलचे त्याचे म्हणणे मात्र तपासायचे राहिलेले असते.

ते तपासण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेत सरकारी पैशाने झाला आणि त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या संधिवाताच्या 1,583 रुग्णांचे पाच गट केले. एका गटाला ग्लुकोसामाइन, दुसऱ्याला कॉन्ड्रॉइटिन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला सेलेकॉक्सिब हे ठाऊक असलेले वेदनाशामक, आणि पाचव्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. चोवीस आठवड्यांनी किती जणांचे दुखणे निदान एक पंचमांशाने उतरले? सेलेकॉक्सिबच्या गटात 70 टक्के, दोन्ही पूरके घेणाऱ्यांत जवळपास 67, नुसत्या कॉन्ड्रॉइटिनवर 65, नुसत्या ग्लुकोसामाइनवर 64. आणि रिकाम्या गोळीवर 60. पूरके आणि रिकामी गोळी यांच्यातला फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. हा 60 चा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण तो आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. ज्यांना गोळी लागू पडली असे वाटते त्यांचे वाटणे खरेच असते. पण दर शंभरांतल्या साठांना ती गोळी रिकामी असती तरी तसेच वाटले असते. त्याआधी 2002 मध्ये ह्यूस्टनला गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचीही अशीच परीक्षा झाली होती. 180 रुग्णांपैकी काहींना भूल देऊन नुसते त्वचेवर छेद घेतले आणि टाके घातले, आत काहीच केले नाही. दोन वर्षांनी खरी शस्त्रक्रिया झालेले आणि हे रुग्ण यांच्यात वेदनेचा फरक निघाला नाही. पांढऱ्या कोटाच्या आणि ऑपरेशन थिएटरच्या अधिकारालाही तीच कसोटी लागली, हे इथे मुद्दाम सांगतो. नाहीतर ही सगळी तपासणी फक्त बाटल्यांसाठी आहे असे वाटायचे.

पूरकांची बाजू घेणारे लगेच दाखवतील की त्याच अभ्यासात ज्यांचे दुखणे मध्यम ते तीव्र होते त्या छोट्या गटात दोन्ही पूरके मिळून 79 टक्क्यांना आराम पडला आणि रिकाम्या गोळीने 54 टक्क्यांनाच. हा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. पण मोठ्या समूहातून लहान तुकडा काढला की असे आकडे योगायोगानेही मिळतात, म्हणून तो तुकडा स्वतंत्रपणे पुन्हा तपासायचा असतो. स्पेनमध्ये तशाच, मध्यम ते तीव्र दुखण्याच्या 164 रुग्णांवर तो तपासला गेला. 2017 मध्ये त्याचा अहवाल आला. दोन्ही पूरके एकत्र घेणाऱ्यांपेक्षा रिकामी गोळी घेणाऱ्यांचे दुखणे जास्त उतरले होते, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. याच्या उलट 2001 मध्ये 212 रुग्णांवरच्या तीन वर्षांच्या अभ्यासात ग्लुकोसामाइन सल्फेटने सांध्यातली फट कमी होण्याचा वेग मंदावल्याचे दिसले होते. त्या अभ्यासामागे उत्पादक कंपनी होती. युरोपातला तज्ज्ञांचा एक गट त्या विशिष्ट प्रकारच्या सल्फेटची आजही शिफारस करतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मात्र 2019 मध्ये गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन घेऊ नये असा स्पष्ट सल्ला दिला. सगळे वाचून माझे मत असे बनते: यांचा गुण असलाच तर तो इतका लहान आहे की ज्याच्या गुडघ्यात दुखते त्याला तो रिकाम्या गोळीहून वेगळा जाणवणे कठीण. निम्म्या जगाचे तज्ज्ञ चुकीचे ठरले तरी हा अंदाज फारसा हलणार नाही, कारण वाद थोड्या फायद्याचा आणि शून्य फायद्याचा आहे. मोठ्या फायद्याचा दावा आज कुणी जबाबदार माणूस करत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो साधासुधा नाही. साठ टक्क्यांना रिकाम्या गोळीने आराम पडत असेल तर विश्वासाने आराम पडतो, हेच सिद्ध झाले. मग ज्याचा त्याचा विश्वास मोडण्यात काय धर्म आहे? साईसच्चरितात एक प्रसंग आहे. माधवराव देशपांड्यांना, म्हणजे बाबांच्या शामाला, मूळव्याधीचा त्रास झाला तेव्हा बाबांनी सोनामुखीचा काढा करून दिला आणि उतार पडला. दोन वर्षांनी त्रास उलटला. माधवरावांनी बाबांना न विचारता तोच काढा स्वतः घेतला, आणि दुखणे बळावले. द्रव्य तेच, पोट तेच, देणारा मात्र नव्हता. हातगुण म्हणतो तो हाच. भक्त हा प्रसंग कृपेचा म्हणून वाचतो. ज्याचा कृपेवर विश्वास नाही त्यालाही त्यात एक गोष्ट दिसावी, ती म्हणजे उपचारात द्रव्यापलीकडे बरेच काही असते. कुणी आपल्याकडे लक्ष दिले, आपले ऐकून घेतले, बरे होईल म्हणून धीर दिला, याने वेदना खरोखर उतरते. वेदना मेंदूत घडते आणि मेंदू माणसांमध्ये राहतो. पण नेमक्या याच कारणाने आक्षेप उलटतो. आराम जर देणाऱ्यामुळे, लक्ष देण्यामुळे, विश्वासामुळे पडला, तर त्याचे श्रेय बाटलीतल्या पांढऱ्या पुडीला का? तिच्यासाठी दरमहा पैसे का मोजायचे? बरे वाटणे खरे आहे. 'यात अमुक घटक आहे म्हणून बरे वाटले' हे विधान वेगळे आहे, आणि विकणारा पैसे घेतो ते या दुसऱ्या विधानाचे. पहिले खरे आहे म्हणून दुसरे खरे ठरत नाही. दुसऱ्याच्या विश्वासावर उपजीविका करणाऱ्याने निदान आपल्या विधानापुरते खरे बोलावे, ही अपेक्षा धर्माच्या बाहेरची नाही.

शिर्डीच्या परंपरेत याहून खोल असे उत्तर आहे. संगमनेरकडच्या राधाबाई देशमुख बाबांकडून कानमंत्र घ्यायचाच म्हणून उपाशी बसल्या. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. शेवटी माधवरावांनी मध्यस्थी केली आणि बाबांनी त्यांना समोर बसवून सांगितले की माझ्या गुरूने मला मंत्र दिलाच नाही, त्याने माझ्याकडे दोनच पैसे मागितले, एक निष्ठा आणि दुसरी सबुरी. राधाबाईंना हातात धरता येईल अशी वस्तू हवी होती, एक शब्द का होईना पण दिला-घेतला जाणारा. मिळाली ती वस्तू नव्हती, वागण्याची रीत होती. गुडघेदुखीने हैराण झालेल्या माणसाची मागणी राधाबाईंसारखीच असते: काहीतरी द्या. आणि बाजार देतो. बाजार सबुरीसुद्धा मागतो: निदान तीन महिने न चुकता घ्या, मग बघा. ही मागणी ऐकताना कानाला ओळखीची वाटते, म्हणून ती धोक्याची आहे. गुरूपाशी ठेवलेली सबुरी निकालाची मुदत घालून दिलेली नसते, आणि तिने शरीराबद्दल काही सिद्ध करायचेही नसते. गोळीपाशी ठेवलेली सबुरी मात्र दुखण्याच्या ओहोटीची वाट पाहणे असते. तीन महिन्यांत ओहोटी आली की गोळीचा विजय, नाही आली की अजून तीन महिने. जो दावा कधी हरूच शकत नाही त्यावर सबुरी ठेवणे म्हणजे नुसते पैसे भरत राहणे.

कुणी म्हणेल, बाबाही दक्षिणा मागत. मागत, आणि ती दिवस मावळेपर्यंत वाटूनही टाकत, हे भक्तांनीच लिहून ठेवले आहे. पण माझे उत्तर त्यावर उभे नाही. दक्षिणा ही कुठल्या द्रव्याची किंमत नव्हती, एवढे पुरे. दुसरे कुणी अधिक अडचणीचे विचारील: त्याच चरित्रात बाबांचा हात धुनीत भाजला तेव्हा मुंबईहून आणलेल्या डॉक्टर परमानंदांना त्यांनी जखमेला हात लावू दिला नाही, भागोजी शिंदे तूप लावून पट्टी बांधत राहिले, मग श्रद्धावानाने डॉक्टरी कसोट्या का मानाव्यात? हे उदाहरण देणाऱ्याने पुढचे पाऊलही पाहावे. स्वतःच्या हाताला डॉक्टर नको म्हणणे हा एका विरक्ताचा स्वतःच्या देहापुरता निर्णय होता. आणि ज्याला जवळ करायला लोक कचरत त्या कुष्ठरोगी भागोजीला रोज हातात हात देणे हा त्यातला मोठा भाग होता. त्यातून कारखान्यात भरलेल्या कॅप्सूलच्या बाजूने काहीच निघत नाही. उलट बाबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थानाने शिर्डीत श्री साईनाथ रुग्णालय आणि श्री साईबाबा सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल चालवली आहेत. उदी देणारे संस्थान रुग्णालय चालवते यात विसंगती नाही. दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय एका आवारात नांदू शकतात, कारण तिथे एकाचे काम दुसऱ्यावर ढकललेले नाही.

आयुर्वेदाचा अभिमान असलेल्या वाचकाला एव्हाना प्रश्न पडला असेल की परदेशी कूर्चेच्या गोळ्यांचे जाऊ द्या, आपल्या वनौषधींचे काय? याचे उत्तर द्यायला आपल्याकडेच, पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली, एक देखणा प्रयत्न झाला आहे. सरकारी मदतीने झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुडघेदुखीच्या 440 रुग्णांना सुंठ, गुळवेल वगैरेंची दोन आयुर्वेदिक मिश्रणे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांपैकी एक, असे चोवीस आठवडे दिले. चारही उपचार परिणामात सारखेच ठरले. ही बातमी 'आयुर्वेद ॲलोपथीच्या तोडीस तोड' अशी सांगता येते. पण त्या अभ्यासात रिकाम्या गोळीचा गट नव्हता. ज्या शर्यतीत ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबही बरोबरीत येतात, तिथे चौघांच्या वाट्याला किती श्रेय औषधाचे आणि किती विश्वासाचे, हे उलगडत नाही. 60 टक्क्यांची ती पायरी चौघांच्याही पायाखाली असू शकते. मला त्या अभ्यासाचे कौतुक वाटते ते दुसऱ्या कारणाने. आयुर्वेदिक गटातल्या काही रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचे द्रव्य वाढलेले आढळले. त्रास कुणाला नव्हता. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. संशोधकांनी हे लपवले नाही, छापले. वनस्पतीवर प्रेम करणाऱ्याने वनस्पतीशी असेच वागायला हवे. 2020 च्या उत्तरार्धात, करोनाच्या धास्तीने घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले तेव्हा, मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद तिथल्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद राहील, पण 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य त्यानंतर कुणी निर्धास्तपणे उच्चारू नये. हळदीच्या बाबतीतही भाजीतली चिमूट वेगळी आणि मिऱ्याच्या अर्काबरोबर शोषण वाढवून दिलेली कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलांनी यकृत सुजल्याची प्रकरणे अमेरिकेत आणि इटलीत नोंदली गेली आहेत.

सुरक्षिततेचा विचार करताना सगळ्या बाटल्या एका मापाने मोजू नयेत. शुद्ध ग्लुकोसामाइन बहुतेकांना फार त्रास देत नाही. पोट बिघडणे, मळमळ एवढेच. ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, त्यामुळे ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांनी जपावे. कॉन्ड्रॉइटिन गाय, डुक्कर किंवा शार्क यांच्या कूर्चेपासून येते आणि कोलॅजेन जनावरांच्या कातड्यापासून किंवा माशांपासून. गुरुवारचा उपास कडक पाळणाऱ्या, मांसाहार वर्ज्य केलेल्या कितीतरी भाविकांना हे कुणी सांगितलेलेच नसते. डब्यावरची हिरवी खूण पाहण्याचा हक्क त्यांचा आहे. मक्यापासून आंबवून केलेले ग्लुकोसामाइन मिळते, पण ते निवडायचे तर आधी प्रश्न ठाऊक हवा. सर्वांत घातक प्रकार निनावी 'सांधेदुखीवर रामबाण' पुड्यांचा. ज्या गोळीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. अमेरिकेत 2022 मध्ये 'आर्त्री किंग' या नावाच्या सांध्यांच्या पूरकात डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक सापडले, डब्यावर दोन्हींचा उल्लेख नव्हता. असे स्टेरॉइड नकळत महिनोन्महिने पोटात गेले की साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि एकदम थांबवले तर जीवावर बेतते. आपल्याकडे पूरकांचा कारभार औषध कायद्याखाली नाही, अन्नसुरक्षा कायद्याखाली चालतो. म्हणून त्यांच्या डब्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असे छापणे बंधनकारक आहे. एका बाजूला गुडघ्याचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात हे वाक्य, अशी बाटली हातात घेतली की विकणारा आपल्या दाव्यामागे कितपत उभा आहे ते कळते. गुण आला तर औषध, जाब विचारला तर अन्न.

मग सबुरी ठेवायची कुठे? माझ्या मते मांडीच्या पुढच्या स्नायूंवर. खुर्चीत ताठ बसायचे, एक पाय समोर सरळ करायचा, गुडघा ताणून दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली आणायचा, मग दुसरा. पेलेल तसे वाढवत न्यायचे. पहिले काही आठवडे काही घडत नाही असेच वाटते. वजन जास्त असेल तर ते उतरवायचे. एक किलो घटले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असे मोजून पाहिलेले आहे. यावरही आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. डेन्मार्कमध्ये 206 रुग्णांवर झालेल्या, 2022 मध्ये छापल्या गेलेल्या अभ्यासात व्यायाम-प्रशिक्षण घेणाऱ्यांना आणि 'हे नुसते मिठाचे पाणी आहे' असे सांगूनच गुडघ्यात इंजेक्शन दिलेल्यांना सारखाच आराम पडला. म्हणजे व्यायामाच्या आरामातही विश्वासाचा आणि ओहोटीचा वाटा मोठा आहे. मान्य. पण व्यायामाचा दावा नुसत्या वेदनेपुरता नाही. बळकट मांडीने माणूस पडत नाही, कमोडवरून स्वतः उठतो, साखर आटोक्यात राहते, आणि दर महिन्याला दुकानात जावे लागत नाही. वेदनेच्या खात्यात दोघे बरोबरीत सुटले तरी बाकीची खाती एकाच बाजूला जमा आहेत. आणि ही सबुरी फळते की नाही हे स्वतःलाच पडताळता येते: काल सहा पायऱ्या कठड्याला धरून चढलो, आज न धरता.

ज्याला तरीही गोळी घ्यायचीच आहे त्याला मी अश्रद्ध म्हणणार नाही आणि मूर्खही म्हणणार नाही. त्याने तिला युक्तीच्या नियमाने वागवावे. सुरू करण्याआधी आठवडाभर दुखण्याला रोज दहापैकी गुण द्यावेत, तीन महिन्यांची मुदत आधीच ठरवावी, मुदत संपली की महिनाभर थांबावे आणि फरक पडतो का ते पाहावे. मुख्य म्हणजे डॉक्टरपासून ती लपवू नये. हृदयाची झडप बदललेले अनेक रुग्ण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा तशी गोळी आयुष्यभर घेतात. वॉरफरिनबरोबर ग्लुकोसामाइन किंवा कॉन्ड्रॉइटिन घेतल्यावर रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. 'आणखी काय औषधे चालू आहेत?' असे डॉक्टर विचारतात तेव्हा अशी माणसे मनापासून 'काही नाही' म्हणतात, कारण सांध्यांची बाटली ती औषधात धरतच नाहीत. उदीसारखीच तीही आपली, घरची, निरुपद्रवी वाटते. उदीबद्दल डॉक्टरांना सांगितले नाही तरी चालेल. बाटली मात्र पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवावी, आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची, पुढची तपासणी ठरल्या तारखेच्या आधी करावी का, हे तिथेच विचारावे.